फोंड्याची बिहेवियर थेरपी: पोरापेक्षा आमचीच जास्त झाली

मुलगा साडेपाच वर्षांचा. मारणं, चावणं, वस्तू फेकणं, दुकानात जमिनीवर लोळणं, सगळं. बालवाडीतून आठवड्याला दोनदा तरी फोन, येऊन घेऊन जा म्हणून.

आधी पणजीत एका ठिकाणी गेलेलो, नाव घेत नाही. तिथे २० सेशनचं पॅकेज आगाऊ भरून घेतलं, मुलाला आत नेऊन दार बंद, आम्ही बाहेर खुर्चीवर मोबाइल बघत, आणि पाऊण तासाने "आज छान होता हां" म्हणून परत हातात. छान असणारच, आत झोपाळा, बॉल, आणि नको म्हणणारं कोणी नाही. घरी पोचून गाडीतून उतरायच्या आधीच परत चालू.

मग फोंड्याला थेरपी देणाऱ्या एका ताईंचं कळलं. त्यांचंही नाव टाकत नाही, त्याच म्हणाल्या यादी आधीच दोन महिन्यांची आहे.

पहिल्या दिवशी त्यांनी मुलाला काही केलंच नाही. कानाची तपासणी झालीय का विचारलं (नीट ऐकू येत नसेल तरी मूल हट्टी वाटू शकतं, हे आमच्या डोक्यातच नव्हतं), झोप किती विचारली, शाळेसाठी एक फॉर्म दिला. बायकोने सरळ विचारलं, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चळवळेपणा) आहे का? तर म्हणाल्या, पाच मिनिटं बघून कोणी हो म्हणालं तर तिथून उठा, त्याला लक्षणं किमान ६ महिने आणि घर, शाळा अशी दोन तरी ठिकाणी दिसावी लागतात. औषधाचं डॉक्टर बघतील पण एवढ्या लहान वयात आधी आईबापाचं ट्रेनिंग. मी घरी येऊन शोधलं, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०१९ च्या गाइडलाइनमध्ये एडीएचडी असलेल्या ४ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी पहिला उपाय हाच दिलाय.

मग वही. तीन रकाने: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर आपण काय केलं. आमची एक नोंद अशी: "मंगळवार, संध्याकाळी ७. कार्टून बंद केलं. रिमोट फेकला, आजीला चावला. आजीने मोबाइल दिला, गप्प." आठ दिवसांत अशा ११ नोंदी, त्यातल्या ९ चा शेवट मोबाइलने. म्हणजे चावायचा पगार आम्हीच देत होतो.

मोबाइल बंद केला की आधी वाढेल असं ताईंनी बजावलं होतं, आणि वाढलंच. एके सकाळी पोदेराचा (दारोदार पाव विकणाऱ्याचा) भोंपू वाजला, हा पळत गेला, कांकणं (बांगडीसारखे गोल पाव) संपलेली. ४० मिनिटं अंगणात लोळला, शेजारीण बाहेर येऊन उभी, आई म्हणते "दे रे बाबा त्याला, लोकं बघतायत". मोबाइल नाही दिला. घाम फुटला मला. तिसऱ्या आठवड्यापासून उतरायला लागलं.

सगळ्यात कठीण काय तर रोज १० मिनिटं त्याच्यासोबत खेळायचं, पण प्रश्न नाही, हुकूम नाही, शिकवणं नाही. करून बघा, दोन मिनिटांत "हा कुठला रंग?" तोंडातून निघतोच. नुसतं गुड बॉय पण चालत नाही, "चपला जाग्यावर ठेवल्यास, शाब्बास" असं नेमकं बोलायचं. आणि किचनमधून ओरडायचं नाही, जवळ जाऊन एकच गोष्ट सांगायची. हे सगळं ताई खोलीत आमच्याकडून करून घेतात, मुलासमोर, चुकलं की तिथेच थांबवतात.

तक्रारी पण आहेत. वेटिंगची जागा खुराड्याएवढी, जिना अरुंद, संध्याकाळी सहानंतर फोन उचलत नाहीत, कागद सगळे इंग्लिशमध्ये. मीच मराठीत लिहून फ्रिजवर चिकटवले. पॅकेज मात्र नाही, सेशनपुरते पैसे.

आता चार महिने झाले, शाळेचा फोन महिन्यातून एखादा. चावणं थांबलं, फेकणं अजून आहे.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुठलाही बघा, आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी नंबर विचारायला लाजू नका. पैशांची अडचण असेल तर बांबोळीचं आयपीएचबी (मानसिक आरोग्याचं हॉस्पिटल) सरकारी आहे, तिथे आधी विचारा. फोंड्याला जाणार असाल तर सकाळचा पहिला स्लॉट मागा, नंतर पार्किंगचे वांदे. आणि घरातल्या आजीला न्याच. आमची आई आधी "आमच्या वेळी एक धपाटा की गप्प" म्हणत होती, तिसऱ्या सेशनला आली, वहीतलं स्वतःचं नाव मोजलं, काही बोलली नाही. आता मोबाइल तीच लपवते, तांदळाच्या डब्यात.