रूट कॅनॉल आणि आईची दाढ, कणकवलीच्या दवाखान्याचा अनुभव

गणपतीच्या आठ दिवस आधी माझी खालची दाढ ठणकायला लागली. दिवसा बरं असायचं पण रात्री आडवी झाले की घण घातल्यासारखं, लवंग तेलाचा बोळा धरून झाला, मेडिकलमधून गोळ्या आणून झाल्या, दोन दिवस उतार पडायचा की परत तेच. शेवटी आचऱ्याहून एसटीने कणकवली गाठली, शेजारच्या काकींनी सांगितलेल्या दवाखान्यात.

डॉक्टर मॅडमनी आधी विचारलं, थंड पाणी लागल्यावर कळ लगेच जाते की राहते? म्हटलं राहते, आणि रात्री तर काही खाल्लं नसलं तरी दुखते. मग कीड दाढेच्या आतल्या नसेला पोचलेली दिसतेय म्हणाल्या, लगेच जाणारी कळ असती तर बहुतेक सिमेंट भरून भागलं असतं. एक्सरे काढून स्क्रीनवर दाखवला. वरून तिळाएवढा काळा डाग आणि आत केवढी ती पोकळी, मी बघतच राहिले. गोळ्यांनी का भागत नव्हतं तेही तेव्हा कळलं, आतली नस मरायला लागली की तिथलं रक्तच कमी होतं, मग औषध पोचणार कसं, आतली घाण काढावीच लागते.

इंजेक्शनने अर्धा ओठ आणि अर्धी जीभ बधिर झाली. ह्या दाढेला दोन मुळं आणि बहुतेक वेळा तीन नळ्या असतात, त्यात केसासारख्या बारीक फाईल फिरवून नस काढतात, औषधाने धुतात आणि गटापर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ भरून बंद करतात, हेच रूट कॅनॉल. तीन फेऱ्या झाल्या. काम चालू असताना अजिबात दुखलं नाही, नंतर दोन दिवस चावताना ठणकलं पण ते त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

आता कॅपचं, म्हणजे दाढेवर वरून बसवतात त्या टोपीचं, नीट वाचा. दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे माझी डावीकडची दाढ अशीच रूट कॅनॉल केली होती, दुखायचं थांबलं, कॅप का बसवायची ते कोणी सांगितलंच नाही, मला वाटलं दिसायला असते. मे महिन्यात भाजलेला काजू चावला आणि कट्! दाढ उभी चिरली ती मुळापर्यंत, काढावीच लागली. पोखरलेली दाढ चावायच्या जोराने फुटते, कॅप तिला चारी बाजूंनी धरून ठेवते, हे इथे पहिल्याच दिवशी सांगितलं आणि रूट कॅनॉलचे किती, मेटलवाल्या कॅपचे किती, झिरकोनियाच्या म्हणजे दातासारख्या पांढऱ्या कॅपचे किती सगळं कागदावर लिहून दिलं. नंतर एक रुपया वाढला नाही.

मग आईला नेलं. ती मशेरी लावते, आणि तिचं एकच, "साफ केल्यार दात हलतले, माका नको." मॅडमनी तिच्या हातात आरसा दिला आणि खालच्या दातांमागचा दगडासारखा पिवळा थर दाखवला. ह्या थराने हिरडी सुजते, आतलं हाड झिजतं आणि त्याने दात हलतात, साफ केल्यावर ज्या फटी दिसतात त्या थराने बुजलेल्या असतात एवढंच. आई गप्प झाली, बसली खुर्चीत. एक दाढ मात्र काढावी लागली, तिला शुगर आहे म्हणून आधी रिपोर्ट मागवला. कापूस अर्धा तास दाबून धरायचा, त्या दिवशी थुंकायचं नाही, खळखळून चूळ नाही, रक्ताची गुठळी निघाली तर आतलं हाड उघडं पडून भयंकर ठणकतं. दोन दिवस पेज निववून दिली.

त्रास म्हणाल तर दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना उभा, म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. अकराची वेळ दिली तर बारा धरून चाला, चतुर्थीत चाकरमानी आले की विचारूच नका. फोनही पटकन उचलत नाहीत.

तरी मी तिथेच जाणार. आईच्या गालात आतून एक पांढरा चट्टा आहे, तो मॅडमनी न विचारता शोधला आणि तिला सरळ सांगितलं, आजी, मशेरी बंद करा, असल्या चट्ट्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो, महिन्याने परत दाखवा. आईची दुपारची आणि रात्रीची मशेरी सुटली, सकाळची अजून आहे. येत्या सोमवारी चट्टा दाखवायला जातोय.