हातात कला आणि डोक्यात रहस्यकथा: पुण्यात कोणती वाट धरावी?

चित्र काढता येतं किंवा लिहिता येतं, आणि गुन्ह्याची बातमी दिसली की शेवटपर्यंत वाचल्याशिवाय चैन पडत नाही, अशी मुलं कलाविद्यालयांत भेटतात तशी पत्रकारिता शिकवणाऱ्या रानडे इन्स्टिट्यूटमध्येही भेटतात. त्यांच्यापुढे मुख्यतः चार वाटा आहेत: पोलिसांसाठी रेखाचित्रं, हस्ताक्षर-दस्तऐवज तपासणी, क्राइम रिपोर्टिंग आणि रहस्यकथा-पटकथा लेखन. पगार आणि स्थैर्य बघायचंच, पण त्याआधी एक गोष्ट स्वतःला विचारा. कल्पनाशक्ती आवरायला जमतं का? कारण पहिल्या तिन्ही कामांत ती आवरावीच लागते.

रेखाचित्राचंच घ्या. समोर बसलेला साक्षीदार घाबरलेला असतो, कधी रात्रभर जागलेला. आधी त्याला त्याच्या शब्दांत सगळं बोलू द्यायचं, मध्ये तोडायचं नाही. मग चेहऱ्याची ठेवण, केसांची कड, भुवया, डोळ्यांमधलं अंतर, असं हलक्या पेन्सिलीने पुढे जायचं. ‘नाक बसकं होतं का?’ असं विचारलं की साक्षीदार ‘हो’ म्हणून टाकतो, आणि तिथून पुढचा चेहरा चित्रकाराच्या मनातला होतो. म्हणून ‘नाक कसं होतं?’ एवढंच विचारायचं. चित्र सुबक, पूर्ण व्हायला हवं हा कलाशिक्षणात अंगी भिनलेला आग्रह इथे सोडावा लागतो. साक्षीदाराला आठवत नाही तो भाग धूसरच ठेवायचा, कारण आपण मनाने भरलेली एक रेघ तपास भलत्याच माणसाच्या दारात नेऊ शकते.

चौघांत मला हे काम सगळ्यांत मोलाचं वाटतं. पोटापाण्याच्या दृष्टीने मात्र तेच सगळ्यांत कच्चं आहे. पूर्णवेळ पगारी जागा जवळजवळ नसतात. बोलावणं आलं की जायचं. कलाशिक्षक, इलस्ट्रेटर किंवा ॲनिमेशनची नोकरी हाताशी ठेवूनच हे करावं. सीसीटीव्हीमुळे गरज कमी झाली आहे, पण फुटेजमध्ये चेहरा झाकलेला असेल तर भिस्त पुन्हा साक्षीदाराच्या आठवणीवरच येते.

स्थैर्य हवं असेल तर दस्तऐवज तपासणी. राज्याच्या सीआयडीचं मुख्यालय पुण्यात, पाषाण रस्त्यावर आहे, आणि हस्ताक्षर तपासणीचं कामही तिथे चालतं. मृत्युपत्र, खरेदीखत, चेक, धमकीची चिठ्ठी, असं काहीही टेबलावर येतं. खोटी सही करणारा अक्षराचा आकार हुबेहूब आणतो, पण मूळ माणसाच्या हाताचा वेग त्याला आणता येत नाही. भिंगाखाली रेघ थरथरलेली दिसते, पेन जिथे उचलायला नको तिथे उचललेलं असतं, थबकलेल्या जागी शाई साचलेली असते. देवनागरीत तर बारकावे भरपूर: शिरोरेषा एका दमात ओढली की तुकड्यातुकड्यांनी, वेलांटीचं वळण कुठून सुरू झालं, अनुस्वार नेमका कुठे पडला. सुलेखन केलेल्याची नजर इथे फार उपयोगी पडते. अक्षरावरून स्वभाव सांगणारे क्लास मात्र याच्या कामाचे नाहीत. तो विषयच वेगळा. इथे विज्ञानाची पदवी लागते, सरकारी भरतीची वाट बघावी लागते आणि कोर्टात उलटतपासणीला उभं राहावं लागतं.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक (फॉरेन्सिक) तज्ज्ञाने घटनास्थळी जावं आणि पुरावे गोळा करण्याचं चित्रीकरण व्हावं, अशी तरतूद आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. कॅमेऱ्यावर हात बसलेल्या विज्ञान पदवीधराने न्यायवैद्यक विभागातली भरती डोळ्यांत तेल घालून बघावी.

क्राइम रिपोर्टिंगमध्ये सुरुवातीचा पगार बेताचा आणि वेळेचं काही खरं नसतं. सकाळी पोलीस आयुक्तालय, दुपारी शिवाजीनगर कोर्ट, रात्री ससूनच्या शवागाराबाहेर नातेवाइकांसमोर उभं राहायचं. 2018 पासून पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं झालं, त्यामुळे धावपळही वाढली. कायद्याची चौकट घट्ट आहे: बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, आणि मुलांच्या बाबतीत पोक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायदा, लागू होतो. ज्याला पुढे लिहायचंच आहे, त्याने दोन-तीन वर्षं तरी हे करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. माणसं खरं कसं लपवतात आणि दुःखात कशी बोलतात, हे इतक्या जवळून दुसरीकडे दिसत नाही.

कथा-पटकथेत कल्पनेला मोकळं रान. विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत पटकथालेखन शिकवतात; वेब सिरीज आणि ऑडिओकथांना लेखक लागतात. दिवाळी अंकांच्या मानधनावर घर चालत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. मोकळ्या रानातही पंचनामा नीट यायला हवा: पंच कोण, मुद्देमाल सीलबंद कसा होतो, जबाब कोण घेतं. सुनावण्या बहुतेक खुल्या असतात, तेव्हा कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसा आणि ऐका. खऱ्या प्रकरणावर लिहायचं असेल तर जपून. पुण्यातल्या 1976-77 च्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडात दहा माणसं मारली गेली. ते रंगवून लिहिण्याआधी, ती कोणाच्या तरी घरची माणसं होती याचं भान हवं.

खासगी डिटेक्टिव्ह एजन्सीचं आकर्षण अनेकांना असतं. या व्यवसायासाठी देशात स्वतंत्र परवाना कायदा नाही, कोणाचे कॉल रेकॉर्ड परस्पर मिळवणं हा गुन्हा आहे, आणि कलेला तिथे फारसा वाव नाही. मी तरी सुचवणार नाही.

चौघांपैकी तीन वाटा पंचविशीतही धरता येतात. दस्तऐवज तपासणीचं तसं नाही. तिकडे जाण्याची थोडी जरी इच्छा असेल, तर अकरावीला विज्ञान घ्या आणि चित्रकलेचा सराव संध्याकाळी चालू ठेवा.