टॅफ्टचा जुना ट्रे म्हणून रिप्रो गळ्यात मारला, सावध रहा

अमेरिकेतले जुने पॉलिटिकल टिन ट्रे, म्हणजे निवडणूक प्रचाराचे पत्र्याचे छापील ट्रे, जमवायचा नाद असलेली मराठी माणसं फार नसतील, पण जी आहेत त्यांनी हे वाचाच, कारण हा विकणारा अजून धंदा करतोय. मला त्याने १९०८ च्या अध्यक्षीय निवडणुकीतला म्हणून टॅफ्ट आणि शर्मन या रिपब्लिकन जोडीचे चेहरे असलेला ट्रे साडेचारशे डॉलरला विकला. निघाला रिप्रो, म्हणजे नंतर काढलेली नक्कल. आता रिप्रोचं काही नाही हो, भिंतीवर लावायला लोक मुद्दाम घेतात, स्वस्तात मिळतो, पण याने काय केलं ते बघा.

१९७३ चा हॉबी प्रोटेक्शन ॲक्ट म्हणून कायदा आहे तिकडे, जुन्या निवडणुकीच्या वस्तूची नक्कल काढली किंवा बाहेरून आणली तर ती कोणत्या साली बनवली ते तिच्यावर कायमचं उमटवावं लागतं. विकणाऱ्याने हाच कायदा माझ्यापुढे नाचवला. म्हणे बघा, कुठेच साल नाही, म्हणजे कायद्यानेच ओरिजिनल! ऐकायला किती बरोबर वाटतं. पण एक तर कायदा यायच्या आधी निघालेल्या नकला बाजारात आहेत, त्यांच्यावर साल येणार कुठून, आणि दुसरं म्हणजे साल होतं की. मागच्या बाजूला खाली डावीकडे गंजाचा पट्टा होता, कापसावर जरासं तेल घेऊन पुसला तर भसाभस निघाला, आणि खाली पॉलिश पेपरने घासलेला चकचकीत पत्रा. तिरका धरला की ठोकलेल्या चार आकड्यांच्या खुणा दिसतात, त्यातले १९ तर अगदी स्पष्ट. खरा जुना गंज पत्रा खातो, बारीक खड्डे पाडतो, वळवलेल्या कडेच्या आत शिरतो. हा नुसता वरवर बसलेला नारिंगी रंग, तोही नेमका साल लपवायला.

मग लूप, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, लावून पुढची बाजू बघितली. त्या काळी टिनवरचं काम लिथोचं, म्हणजे दगडावरून छपाईचं, प्रत्येक रंगाचा दगड वेगळा आणि त्यावर कारागीर हाताने ठिपके काढायचा, म्हणून खऱ्या ट्रेवर गालावरचे ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे दिसतात. माझ्या टॅफ्टच्या गालावर आणि त्या जाड मिशीत निळा, गुलाबी, पिवळा, काळा एवढ्याच चार रंगांचे एकसारखे ठिपके, आजच्या मासिकात असतात तसे. म्हणजे जुन्या ट्रेचा फोटो काढून तोच छापलाय. गंमत म्हणजे मूळ ट्रेवरचे ओरखडेपण छापून आलेत, डोळ्याला दिसतात पण नख फिरवलं की लागत नाहीत. खऱ्या ट्रेंवर बऱ्याचदा कडेला कारखान्याचं नाव असतं बारीक अक्षरात, ओहायोतल्या कोशॉक्टनच्या मीक किंवा बीचचं, नाहीतर शिकागोच्या शॉंकचं. माझ्या ट्रेवर त्या जागी अक्षरांऐवजी शाईचे गोळे, काही वाचताच येत नाही.

आणि वर आजोबांची गोष्ट! आजोबा म्हणे १९०८ साली डेन्व्हरच्या अधिवेशनाला गेले आणि तिथून हा ट्रे घेऊन आले, तसं सही केलेलं पत्रसुद्धा पाठवलं. अरे पण टॅफ्टला उमेदवारी मिळाली शिकागोला, जूनमध्ये. डेन्व्हरला जुलैत जमले ते डेमोक्रॅट, त्यांनी ब्रायनला उभं केलं, तिथे टॅफ्टचे ट्रे कोण वाटत बसणार? असल्या घरगुती पत्राला माझ्या मते शून्य किंमत, पत्र काय कोणीही लिहितो.

पैशाचंही सांगतो. वीस डॉलर कमी करतो, फक्त मित्राला पाठवतोय असं दाखवून पेमेंट करा, फी वाचेल, असं त्याचं म्हणणं. तसं पाठवलं की खरेदीदाराचं संरक्षण उडतं, वस्तू खोटी निघाली तरी पेमेंट ॲपवाले हात वर करतात, आणि त्यांनी केलेच. विकणाऱ्याने दोन दिवस गोड उत्तरं दिली मग ब्लॉक. फेडरल ट्रेड कमिशनकडे, म्हणजे ग्राहकांची फसवणूक बघणाऱ्या तिकडच्या सरकारी खात्याकडे, तक्रार टाकलीय, फोटो सगळे जोडलेत, बघू.

परवा दुसऱ्या नावाने ब्रायन आणि त्याचा जोडीदार उमेदवार कर्न यांचा ट्रे विकायला आला होता. मागच्या बाजूचा फोटो तिरका, अंधारातला, आणि गंज खाली डावीकडेच. कोणाचं बोलणं चालू असेल तर आधी मागच्या बाजूचा सरळ, उजेडातला फोटो मागा, मी मागितला तर लिस्टिंगच काढून टाकलं त्याने.