दात पांढरे ठेवायला: लिंबू-मीठ की खायचा सोडा?
लिंबू-मिठाने घासलं की दात लगेच चकचकीत वाटतात, पण हा प्रयोग कृपया करू नका. लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लता मोजायचं माप; आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र) 2 ते 3 असतो. दाताचं कवच, म्हणजे इनॅमल, 5.5च्या खाली विरघळू लागतं आणि मऊ झालेलं ते कवच मिठाचे कण खरवडतात. झिजलेलं इनॅमल पुन्हा उगवत नाही. आतला पिवळसर थर दिसू लागतो, म्हणजे दात उलट पिवळेच!

खायचा सोडा आम्लधर्मी नाही, कणही मऊ. ओल्या ब्रशवर चिमूटभर घेऊन हलक्या हाताने फिरवला की चहाचे वरवरचे डाग निघतात. माझं मत सोड्यालाच, तेही अधूनमधून. त्यात दात किडण्यापासून वाचवणारं फ्लोराइड नसतं, म्हणून रोजची पेस्ट सोडू नका. हिरड्या झोंबत असतील तर आधी डेंटिस्टला दाखवा.