कोब्रा रेप्लिका, एक अख्खा सीझन: ४३५ घोडे, छप्पर शून्य

आधी गाडी काय आहे ते सांगतो. साठच्या दशकातल्या एसी कोब्राच्या आकाराची फायबरची बॉडी, खाली स्टीलच्या नळ्या वेल्ड करून केलेली चासी आणि पुढे फोर्ड मस्टँगमधलं पाच लिटरचं, आठ सिलिंडरचं 'कोयोटी' व्ही-८ इंजिन. कागदावर ४३५ हॉर्सपॉवर, पाच गिअर, सगळे हाताने टाकायचे. वजन एक टनाच्या जरासं वर. हेच इंजिन मस्टँगमध्ये सुमारे १७०० किलो ओढतं, त्यावरून अंदाज करा. एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही, एअरबॅग नाही. एसी फक्त नावात.

जोडणी माझी नाही. अमेरिकेतल्या डेट्रॉईटजवळच्या एका निवृत्त इंजिनिअरने काही हिवाळे गॅरेजमध्ये काढून उभी केलेली ही गाडी मी एप्रिलमध्ये घेतली. किट, म्हणजे जोडायचे सुटे भाग, विकणाऱ्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढचं सगळं या आकाराच्या जवळपास प्रत्येक गाडीला लागू आहे.

पेट्रोल भरायला थांबलं की पहिला प्रश्न ठरलेला: "खरी आहे का?" नाही, खरी नाही. इंग्लंडच्या एसी कार्स या छोट्या कंपनीकडे एक हलकी, देखणी रोडस्टर (उघडी, दोन सीटची गाडी) होती, पण तिला ब्रिस्टॉल कंपनीचं इंजिन मिळेनासं झालं. तेव्हा टेक्सासच्या कॅरोल शेल्बीने त्यात फोर्डचं नवं व्ही-८ बसवायचं सुचवलं. हा गडी १९५९ची ल मान शर्यत जिंकलेला, पण हृदयविकारामुळे रेसिंग सोडावं लागलेला. १९६२मध्ये पहिली कोब्रा तयार झाली. १९६५मध्ये सात लिटरचं इंजिन मावावं म्हणून चासी बळकट केली, चाकांवरचा पत्रा फुगवला. आज दिसणाऱ्या बहुतेक रेप्लिका त्याच फुगीर रूपाच्या. अस्सल गाड्या सगळ्या मिळून हजाराच्या आसपास, आणि त्यातली अगदी पहिली २०१६च्या लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला गेली. एवढी किंमत झाली की गाडी मालकाची राहत नाही, विम्यावाल्याची होते. माझी मी किराणा आणायलाही नेतो. डिकीत दोन पिशव्या मावतात.

आता चालवण्याबद्दल. पिकअपचं कौतुक सगळेच करतात. माझं म्हणणं असं की तो पूर्ण वापरताच येत नाही. थंड टायरवर, दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर निम्मा दाबला तरी मागची चाकं आपल्या वाटेने निघतात, आणि सावरायला कॉम्प्युटर नाही, आपलेच दोन हात. मग चारशे घोडे हवेत कशाला? बायकोने हे पहिल्याच दिवशी विचारलं होतं. इतके महिने चालवल्यावर माझं उत्तर: ही ताकद वेगासाठी नाही, आरामात जाण्यासाठी आहे. चौथ्या गिअरमध्ये ताशी साठ किलोमीटरला इंजिन नुसतं गुरगुरत असतं, पाय किंचित टेकवला की गाडी निघते, गिअर बदलायचं कारण पडत नाही. आजच्या गाडीत ताशी १२० ला जांभई येते. इथे ७० ला वारा कानात घुसतो, रस्त्यातला प्रत्येक सांधा कण्याला कळतो, आणि पॉवर स्टिअरिंग नसल्यामुळे पुढची चाकं काय करताहेत ते तळहाताला समजतं. वेगमर्यादेच्या आत राहून एवढी मजा देणारी दुसरी गाडी मी चालवलेली नाही.

पण अंगाला त्रास आहे, तो कमी करून सांगणार नाही. पायाशी उष्णता भयंकर. पेडल इतकी जवळजवळ की रुंद तळव्याचा बूट एकदम दोन्ही दाबतो. सायलेन्सर दाराखालून बाहेर काढलेले, त्यामुळे उतरताना पोटरी टेकली तर चटका पक्का; कोब्रावाले याला 'साप चावला' म्हणतात. साडी नेसून या गाडीत बसणं म्हणजे धाडस. काठ बरोब्बर त्या पाइपवर येतो. मंडळाच्या गणपतीला बायको तिच्या गाडीने आली, मी माझ्या. जूनमध्ये पुण्याहून आई आली होती. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "एवढ्या पैशात छप्पर पण दिलं नाही रे त्यांनी?" ताडपत्रीसारखं एक छप्पर आहे खरं, पण ते चढवेपर्यंत पाऊस थांबतो.

ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे डेट्रॉईटजवळ दरवर्षी भरणाऱ्या हौशी गाड्यांच्या जत्रेला नेली. ज्यांना गाडी फक्त दाखवायची आहे त्यांना स्वर्ग. चालवायची असेल तर शिक्षा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत राहायचं, क्लच जड, रेडिएटरचा पंखा अखंड चालू. संध्याकाळी डावा गुडघा बोलायला लागला. त्यापेक्षा रविवारी सकाळी गावाबाहेरचे रिकामे रस्ते बरे, खड्डे चुकवत.

ॲव्हरेज शांतपणे चालवली तर लिटरला सात-आठ किलोमीटर. इंजिन मस्टँगचंच असल्यामुळे त्याचे सुटे भाग कुठेही मिळतात, आणि या गाड्यांचं हेच मोठं सुख. अडचण असते ती बाकीच्या जोडकामात.

म्हणून कोणी तयार गाडी घेणार असेल तर रंग बघून भुलू नका. डॅशबोर्डखाली डोकं घालून वायरिंग बघा. जोडणी चालू असतानाचे फोटो आणि बिलं मागा. ज्याने मन लावून काम केलंय त्याच्याकडे जाड फाइल असतेच. चासी नंबर आणि टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) नंबर जुळतो का ते स्वतः तपासा. नोंदणीचे नियम राज्यागणिक वेगळे. मिशिगनमध्ये दरवर्षीची धुराची तपासणी नाही, त्यामुळे सोपं जातं. कॅलिफोर्नियात अशा गाड्यांना धुराच्या नियमातून सूट आहे, पण वर्षाला फक्त ५०० गाड्यांना.

पुण्यातले मित्र विचारतात, तिकडे अशी एक जोडता येईल का? जोडता येईल, नोंदवणं अवघड. केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे उत्पादकाला गाडीचा नमुना एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, आणि एका गाडीसाठी तो खर्च कोण करणार? जुन्या गाडीची बॉडी बदलून बघू म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं.

आता बर्फासाठी रस्त्यावर मीठ पडायला लागलंय, गाडी एप्रिलपर्यंत झाकलेली राहील. एक मित्र इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा सुपरचार्जर लाव म्हणून मागे लागलाय. त्या पैशात मी चांगले ब्रेक, ताजे टायर आणि पायाशी उष्णता अडवणारं अस्तर घेतोय, आणि तरीही पैसे उरतील.