पेन ड्राइव्ह काढायचा हक्क कोणाला? लिनक्सवरच्या चार मार्गांची तुलना

फाइल कॉपी झाली, ड्राइव्ह काढायला गेलं, आणि लिनक्स एकतर ॲडमिनचा पासवर्ड मागतो नाहीतर ‘मस्ट बी सुपरयूजर टू अनमाउंट’ म्हणून हात झटकतो. अशा वेळी बहुतेक जण सुडो (कमांड ॲडमिनच्या हक्काने चालवायची सोय) लावून मोकळे होतात. स्वतःच्या लॅपटॉपवर त्याने काही बिघडत नाही. पण कॉलेजच्या लॅबमधल्या सामायिक मशीनवर, किंवा मॉनिटर न लावलेल्या घरच्या सर्व्हरवर, कायमची सोय हवी असते. त्यासाठी चार मार्ग आहेत: यूडिस्क्स (ड्राइव्ह जोडणारी-काढणारी सेवा) आहे तसा वापरणं, एफएसटॅबमध्ये (कोणता ड्राइव्ह कुठे जोडायचा याची यादी) नोंद करणं, पोलकिटचा (कोणाला काय करता येईल हे ठरवणारी यंत्रणा) नियम लिहिणं आणि सुडोअर्समध्ये (सुडो कोणाला चालेल याची फाइल) सूट देणं.

आधी पाहा, माउंट कोणी केलं

माउंट म्हणजे ड्राइव्ह एखाद्या फोल्डरच्या जागी जोडणं, अनमाउंट म्हणजे तो तिथून काढणं. अनमाउंटची परवानगी ड्राइव्हवरच्या फाइली कोणाच्या मालकीच्या आहेत यावर ठरत नाही. ड्राइव्ह कोणी आणि कोणत्या मार्गाने माउंट केला, यावर ती ठरते. ‘फाइंडमाउंट’ कमांड चालवून जागा बघा. उबुंटू-डेबियनवर ‘मीडिया’खाली, फेडोरा-आर्चवर ‘रन/मीडिया’खाली तुमच्या यूजरनावाच्या फोल्डरमध्ये ड्राइव्ह दिसत असेल, तर तो बहुतेक यूडिस्क्सने जोडलेला आहे. ‘एमएनटी’खाली दिसत असेल तर कोणीतरी सुडो लावून हाताने जोडलाय किंवा एफएसटॅबमधून आलाय. रूटने (सगळे हक्क असलेला ॲडमिन यूजर) हाताने जोडलेला ड्राइव्ह साध्या यूजरला काढता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

‘टार्गेट इज बिझी’ हा परवानगीचा प्रश्नच नाही. एखादा प्रोग्राम फाइल उघडून बसलेला असतो, किंवा टर्मिनल त्या फोल्डरमध्ये उभं असतं. ‘फ्यूजर’ कमांडला व्ही आणि एम हे पर्याय देऊन माउंटची जागा सांगितली की दोषी प्रोसेस दिसते. तिथे के जोडू नका. त्याने त्या ड्राइव्हवरची प्रत्येक प्रोसेस मारली जाते. अनमाउंटचा एल म्हणजे ‘लेझी’ पर्यायही टाळा. ड्राइव्ह यादीतून गायब होतो, पण लिहिणं आतून चालूच राहू शकतं, आणि निघाला असं समजून उपसला की डेटा जातो.

दुसरा गोंधळ सीएचमॉडचा, म्हणजे फाइलींच्या परवानग्या बदलणाऱ्या कमांडचा. फॅट आणि एक्सफॅट या पेन ड्राइव्हवरच्या नेहमीच्या फाइलसिस्टिमवर युनिक्सची मालकी साठवलीच जात नाही, ती माउंट करताना यूआयडी (यूजरचा क्रमांक), जीआयडी (गटाचा क्रमांक), यूमास्क (परवानग्या) या पर्यायांनी ठरते. तिथे सीएचमॉड करत बसल्याने अनमाउंटचा प्रश्न सुटणार नाही.

कोणासाठी काय

| तुमची गरज | आधी हा मार्ग बघा | कुठे अडतं |
|---|---|---|
| एकट्याचा डेस्कटॉप | यूडिस्क्स, काहीही न बदलता | सुडोने माउंट केलं की |
| एकच ठरलेला बॅकअप ड्राइव्ह | एफएसटॅब | ‘यूजर’ आणि ‘यूजर्स’मधला फरक |
| लॅब, किंवा एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करून) वापर | पोलकिट | जुन्या डेबियनमध्ये नियमांची भाषा वेगळी |
| स्क्रिप्टमधली एकच कमांड | सुडोअर्स | स्टारचं चिन्ह |

यूडिस्क्स

फाइल मॅनेजरमधलं इजेक्टचं बटण बहुतेक डेस्कटॉपवर शेवटी यूडिस्क्सलाच काम सांगतं. टर्मिनलमधून तेच करायला ‘यूडिस्क्सकटीएल’ला अनमाउंट सांगायचं आणि बी पर्यायासोबत पार्टिशनचं नाव द्यायचं, सुडो न लावता. कोणी माउंट केलं त्याचा यूआयडी यूडिस्क्स नोंदवून ठेवतो. काढणारा तोच असेल तर यूडिस्क्स पुढे काही विचारत नाही. दुसरा कोणी असेल तर पोलकिटमधली ‘फाइलसिस्टिम-अनमाउंट-अदर्स’ ही कृती लागू होते, आणि तिचा मूळ नियम ॲडमिनचा पासवर्ड मागतो.

लॅबमधली नेहमीची तक्रार इथूनच येते. पहिला विद्यार्थी ड्राइव्ह तसाच ठेवून स्विच यूजर करतो, दुसरा बसतो, त्याला ड्राइव्ह लावलेला दिसतो पण काढता येत नाही. यंत्रणा बिघडलेली नाही, ती ठरल्याप्रमाणेच वागतेय.

एसएसएचवर आणखी एक गंमत. समोर बसलेल्या, सक्रिय सेशनला माउंट करायला पासवर्ड लागत नाही. दूरच्या सेशनला लागतो. पण एकदा तुम्हीच यूडिस्क्समार्फत माउंट केलं असेल, तर त्याच यूजरने एसएसएचवरून काढताना प्रश्न येत नाही. म्हणजे तक्रार अनमाउंटची वाटत असली तरी अडचण बऱ्याचदा माउंटच्याच वेळची असते. ‘लॉगिनकटीएल’ने सेशनची माहिती बघा: ॲक्टिव्हपुढे ‘यस’ आणि रिमोटपुढे ‘नो’ असेल तरच तुम्ही स्थानिक. क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) चालवलं तर पासवर्ड विचारायला समोर कोणीच नसतं, मग ‘नॉट ऑथराइज्ड कॅन ऑब्टेन’ अशी चूक येते. परवानगी मिळू शकली असती, विचारायची सोय नव्हती, एवढाच तिचा अर्थ.

एफएसटॅब

ड्राइव्ह नेहमी तोच असेल तर हा मार्ग सर्वांत सरळ. नोंदीत ड्राइव्हचा यूयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, लिहायचा; तो ‘एलएसबीएलके’च्या एफ पर्यायाने मिळतो. ‘एसडीबी१’सारखं नाव लिहू नका, दुसऱ्या पोर्टला लावलं की ते ‘एसडीसी१’ होऊ शकतं. पर्यायांच्या रकान्यात ‘नोऑटो, नोफेल, यूजर्स’ लिहा (‘नोऑटो’ म्हणजे बूट होताना आपोआप जोडू नको, ‘नोफेल’ म्हणजे ड्राइव्ह नसला तरी अडून बसू नको) आणि ‘सिस्टिमकटीएल डेमन-रीलोड’ चालवा.

‘यूजर’ आणि ‘यूजर्स’ यांतला एका अक्षराचा फरक सगळ्यांत जास्त वेळ खातो. ‘यूजर’ लिहिलं तर ज्याने माउंट केलं त्यालाच काढता येतं. आता ‘नोऑटो’ लिहायचं राहिलं असेल, तर बूट होताना माउंट करतं कोण? रूट. मग ओळीत ‘यूजर’ लिहूनही साध्या यूजरला नकारच मिळतो. ‘यूजर्स’ लिहिलं की कोणीही जोडावं, कोणीही काढावं. घरच्या बॅकअप ड्राइव्हला आमचं मत ‘यूजर्स’ला, अनेक अनोळखी लोक लॉगिन करतात त्या मशीनवर नाही.

दोन्ही पर्याय ‘नोएक्झेक’ (ड्राइव्हवरचे प्रोग्राम थेट चालू न देणं), ‘नोएसयूआयडी’ आणि ‘नोडेव्ह’ ही सुरक्षेची बंधनं आपोआप लावतात. ड्राइव्हवरची स्क्रिप्ट थेट चालवायची असेल तर ‘यूजर्स’च्या नंतर ‘एक्झेक’ लिहा, आधी लिहिलं तर ते पुसलं जातं. ‘नोऑटो’ नको असेल तरी ‘नोफेल’ वगळू नका, नाहीतर ड्राइव्ह न लावता सुरू केलेलं मशीन त्याची वाट पाहत, साधारणपणे दीड मिनिट, बसून राहतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जातं.

येईल तो पेन ड्राइव्ह लावायच्या जागी मात्र हा मार्ग निरुपयोगी आहे.

पोलकिट

लॅबसाठी हाच. ‘एटीसी/पोलकिट-१/रूल्स.डी’मध्ये ‘.रूल्स’ने संपणाऱ्या नावाची फाइल करायची आणि जावास्क्रिप्टमध्ये एकच अट लिहायची: कृती ‘अनमाउंट-अदर्स’ असेल आणि यूजर ठरावीक गटात असेल तर ‘यस’ परत करा. डेबियन-उबुंटूवर ‘प्लगडेव्ह’ हा गट तयार असतो, इतरत्र स्वतः बनवा. एसएसएचवरून माउंटही करायचं असेल तर ‘फाइलसिस्टिम-माउंट’ आणि ‘फाइलसिस्टिम-माउंट-अदर-सीट’ (सीट म्हणजे मशीनसमोरचा स्क्रीन-कीबोर्ड) याही कृती जोडाव्या लागतात. ‘यूडिस्क्स२’ने सुरू होणाऱ्या सगळ्याच कृतींना एका फटक्यात ‘यस’ देणारे नियम इंटरनेटवर सर्रास फिरतात. ते उचलू नका. त्यांत डिस्क फॉरमॅट करायचीही परवानगी येते.

पूर्वीच्या डेबियनवर आणि उबुंटू २२.०४वर हे नियम चालत नाहीत. तिथे पोलकिट ०.१०५ आहे आणि त्याला ‘.पीकेएलए’ फाइल लागते. डेबियन १२पासून जावास्क्रिप्टचे नियम चालतात. नियमात एखादा कंस चुकला तर फाइल गुपचूप बाजूला पडते, म्हणून ‘जर्नलकटीएल’मध्ये (सिस्टिमच्या नोंदी दाखवणारी कमांड) पोलकिटची नोंद वाचा. रीस्टार्टची गरज नाही, फोल्डरमधला बदल तो स्वतः टिपतो.

सुडोअर्स

एका स्क्रिप्टला एकच जागा अनमाउंट करायची असेल तर चालेल. कमांडचा पूर्ण मार्ग आणि माउंटची पूर्ण जागा लिहा, आणि फाइल ‘व्हिसुडो’च्या एफ पर्यायानेच उघडा. ‘सुडोअर्स.डी’मधल्या फाइलच्या नावात टिंब असेल तर सुडो ती वाचतच नाही. जागेच्या शेवटी स्टार मात्र कधीच नको: सुडोमधला स्टार, म्हणजे ‘इथे काहीही चालेल’ असं सांगणारं चिन्ह, रिकामी जागा आणि तिरकी रेघ दोन्हींना जुळतो, त्यामुळे ‘मीडिया’खालच्या ड्राइव्हसाठी दिलेली सूट त्याच ओळीत पुढे ‘होम’ लिहून त्यालाही लागू करता येते.

अनमाउंट झाल्यावर

फिरत्या तबकडीच्या बाहेरच्या हार्ड डिस्कला नुसतं अनमाउंट पुरत नाही, वीजही तोडायला हवी. त्यासाठी ‘यूडिस्क्सकटीएल पॉवर-ऑफ’ला पार्टिशनचं नाव न देता अख्ख्या डिस्कचं, म्हणजे ‘एसडीबी१’ऐवजी ‘एसडीबी’ असं नाव द्यायचं. तिच्यावरचं एखादं पार्टिशन अजून माउंट असेल तर ते नकार देतं. या कृतीची परवानगी वेगळी आहे, म्हणून एसएसएचसाठीच्या पोलकिट नियमात ‘पॉवर-ऑफ-ड्राइव्ह’ आणि तिचं ‘अदर-सीट’ रूप यांचीही भर घाला.