अपवर्कवर मराठी भाषांतराची कामं: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

इंग्रजीतून मराठी भाषांतर करणाऱ्याला अपवर्कवर, म्हणजे फ्रीलान्स कामं मिळवून देणाऱ्या वेबसाइटवर, घरबसल्या काम मिळतं. मात्र मराठीची कामं हिंदीच्या मानाने खूप कमी, आणि येतात ती घोळक्याने. एखादं अॅप किंवा वेबसाइट आठ-दहा भारतीय भाषांत न्यायची ठरली की प्रत्येक भाषेला एकेक माणूस लागतो. म्हणून शोधताना नुसतं ‘मराठी’ टाकून थांबू नये. ‘भारतीय भाषा’, ‘हिंदी तमिळ तेलुगू’ असेही शोध जतन करून ठेवावेत. कित्येकदा शीर्षकात मराठीचा पत्ताच नसतो, खाली मजकुरात एका शब्दापुरती असते.

पहिला खर्च कनेक्ट्सचा, म्हणजे कामासाठी प्रपोजल (अर्ज) पाठवायला लागणाऱ्या टोकनांचा. एक कनेक्ट ०.१५ डॉलरला. १२ कनेक्ट्स मागणाऱ्या कामाला प्रपोजल पाठवायचं तर १.८० डॉलर, अशी दहा पाठवली की १८ डॉलर, उत्तर येवो न येवो. तेव्हा दिसेल तिथे अर्ज करणं महागात पडतं. आधी क्लायंटची माहिती वाचावी: पैसे भरण्याची पद्धत पडताळलेली आहे का, आजवर किती खर्च केलाय, जाहिराती दिल्या त्यांपैकी किती टक्के जागी खरंच माणूस नेमलाय. चाळीस जाहिराती आणि नेमणुका दोन-चार, असं दिसलं की सोडून द्यावं.

प्रपोजलच्या सुरुवातीच्या दोन ओळींवरच क्लायंट उघडायचं की नाही ते ठरवतो. तिथे पदव्या लिहून काही होत नाही. त्याला मराठी वाचता येत नाही, त्यामुळे सुंदर मराठी नमुन्यानेही तो भारावत नाही. नेमका प्रश्न विचारलेला चालतो: ‘तुमच्या अॅपमधला “बुक” म्हणजे पुस्तक की आरक्षण? सुट्या शब्दांच्या एक्सेल शीटसोबत स्क्रीनशॉट मिळतील का?’ काम कळणारा माणूस आहे, हे एवढ्यात पोहोचतं. फुकट नमुना १५०-२०० शब्दांपर्यंत ठीक. प्रत्येक अर्जदाराला वेगळं पान देणारा क्लायंट अख्खं पुस्तक फुकटात करून घेत असू शकतो.

आता पैशांच्या सुरक्षिततेबद्दल, कारण नवीन माणूस बहुधा इथेच फसतो. तासाच्या कामात अपवर्कचा वेळ मोजणारा ट्रॅकर दर दहा मिनिटांच्या टप्प्यात एक स्क्रीनशॉट घेतो आणि कीबोर्ड-माउसची हालचाल मोजतो. भाषांतरात शब्दकोश चाळण्यात, छापील मजकूर वाचण्यात पाच-सात मिनिटं सहज जातात. तेवढा वेळ हालचाल शून्य दिसते आणि वाद झाला तर तेच अंगाशी येतं. हाताने भरलेल्या तासांना तर पैशांचं संरक्षणच नसतं. आठवडा जागतिक वेळेप्रमाणे रविवारी मध्यरात्री संपतो, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाचला. माझं स्पष्ट मत: भाषांतराला ठरावीक रकमेचंच कंत्राट घ्यावं, शब्दांवर हिशेब करून.

तिथेही दोन गोष्टी पाळाव्यात. माइलस्टोनची (कामाच्या ठरलेल्या टप्प्याची) रक्कम एस्क्रोमध्ये, म्हणजे काम होईपर्यंत पैसे राखून ठेवणाऱ्या खात्यात, जमा झालेली दिसल्याशिवाय एक ओळही करू नये. आणि फाईल नुसती मेसेजमध्ये पाठवू नये. काम सादर करण्याचं बटण दाबूनच द्यावी. त्या बटणानंतरच क्लायंटची १४ दिवसांची मुदत सुरू होते. त्यात तो काहीच बोलला नाही तर पैसे आपोआप सुटतात, आणि पुढे पाच दिवसांनी काढता येतात. मेसेजमधल्या फाईलला अशी मुदत लागू नाही, क्लायंट गप्प बसला की आपणही बसून राहायचं.

दर ठरवताना हातात काय उरेल ते आधी मांडावं. मे २०२५ पासून नव्या कंत्राटांवरचं अपवर्कचं शुल्क कामागणिक शून्य ते १५ टक्के असतं आणि प्रपोजल पाठवतानाच दिसतं. २,००० शब्द, शब्दाला ३ सेंट, म्हणजे ६० डॉलर. १० टक्के शुल्क ६ डॉलर, आपली जीएसटी नोंदणी नसेल तर त्या शुल्कावर १८ टक्के म्हणजे १.०८. उरले ५२.९२, बँकेत येण्याचा खर्च वेगळा. नीट केलं तर हे एका दिवसाचं काम आहे. शब्द नेहमी मूळ इंग्रजीचे मोजावेत: मराठीत विभक्ती शब्दाला चिकटते, ‘इन द हाउस’चे तीन शब्द ‘घरात’ या एकात मावतात. पॅन खात्यात पहिल्याच दिवशी भरावा, आणि परदेशातून पैसे आल्याची पावती, एफआयआरए, दर वेळी उतरवून ठेवावी.

यंत्राचं भाषांतर सुधारण्याची कामं भरपूर दिसतात, दर मात्र निम्म्याहूनही कमी सांगतात. घेण्याआधी शंभर ओळी मागून पाहाव्यात. बटणावरच्या ‘अप्लाय’साठी ‘अर्ज करा’च्या जागी ‘लागू करा’ अशा चुका ओळीगणिक असतील तर ते नव्याने करण्याचंच काम आहे, दरही तसाच मागावा.

टेलिग्रामवर या म्हणणारा, किंवा काम सुरू करण्याआधी अनामत मागणारा, तिथल्या तिथे रिपोर्ट करावा. पीडीएफ टाइप करून द्यायची हजार पानं आणि मग ‘अचूकता कमी भरली, दंड भरा’ म्हणून वकिलाची नोटीस, हा जुना सापळा आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.

काम देताना शेवटची काळजी फॉन्टची. वर्डमध्ये युनिकोडमध्ये शुद्ध असलेला मजकूर क्लायंटच्या डिझायनरने इनडिझाइन या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ओतला की जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या जागा सोडतात. त्याने परिच्छेदाला त्यातलाच ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ हा पर्याय लावला की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. हे वाक्य फाईलसोबतच लिहून पाठवावं. ऱ्य तपासावा: ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ झालं की स्वयंपाकी गुरुजी होतात, आणि स्पेलचेकर दोन्ही शब्द बरोबरच मानतो. वर्ड फाईलबरोबर पीडीएफही द्यावी, म्हणजे छपाईत चूक निघाली तर ती कुठे शिरली ते दाखवता येतं.